दसऱ्याला घेतलेला प्रोजेक्टर: धानाच्या हंगामापासून संक्रांतीपर्यंतचा अनुभव

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यात, जंगलाला लागून. घरात आजी, आई-बाबा, आम्ही दोघं भाऊ, आमच्या बायका आणि पोरं. दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, बहिणी-जावई आले की रात्री पंधरा-वीस ताटं वाढावी लागतात. एवढी माणसं ३२ इंची टीव्हीपुढे बसली की मागच्यांना नुसता आवाजच ऐकू येतो. वाघाच्या भीतीने संध्याकाळनंतर पोरांना बाहेर सोडत नाही, त्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारीच्या लांबलचक रात्री सगळे घरातच असतात. प्रोजेक्टर घ्यायचं मनात आलं ते यामुळे. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि बारा हजारांच्या आसपास सौदा बसला. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या किमतीतल्या बहुतेक प्रोजेक्टरांची जात एकच असते, तेव्हा काय बघून घ्यायचं एवढं सांगतो.

पहिली गोष्ट उजेडाची. डब्यावर मोठ्या अक्षरात हजारो लुमेन (उजेडाचं माप) छापलेले असतात, त्याकडे बघूच नका. खाली बारीक अक्षरात 'एएनएसआय लुमेन' असा आकडा असतो, तो खरा. आमच्यावर तो ३०० आहे. दिवे बंद केल्यावर १०० इंची चित्र, म्हणजे सव्वासात फूट रुंद आणि चार फूट उंच, छान दिसतं. दिवसा मात्र दारं-खिडक्या लावूनही फिकटच. चित्राची रुंदी-उंची दुप्पट केली की तोच उजेड चौपट जागेत पसरतो, म्हणून चित्र विनाकारण मोठं करू नये. आम्ही रोजच्या बातम्या आणि मालिकांना टीव्हीच लावतो आणि घरातल्या सगळ्यांना ते पटलेलं आहे. एलईडी दिव्याचं आयुष्य ३० हजार तास लिहिलंय. रोज तीन तास लावला तरी ती सत्तावीस वर्षं होतात, म्हणजे दिव्याआधी पंखा नाहीतर पॉवर सप्लाय जाणार, हे धरून चालावं.

दुसरी गोष्ट रिझोल्यूशन, म्हणजे चित्र किती बारीक ठिपक्यांचं आहे ते. 'फोर-के सपोर्ट' म्हणजे फोर-के दिसतं असं नाही. मशीन ती फाइल घेतं, दाखवतं मात्र स्वतःच्या ऐपतीप्रमाणे. 'नेटिव्ह १०८०पी', म्हणजे मशीन स्वतः १०८० रेषांचं चित्र दाखवतं, असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. सिनेमाच्या ॲपचंही असंच. वाइडवाइन एल-१ हे सिनेमाची चोरी रोखण्यासाठीचं प्रमाणपत्र नसलेल्या मशीनवर बरीच ॲप ४८० रेषांच्या वर चित्र देतच नाहीत. आमच्या मशीनमध्ये ते नाही, म्हणून टीव्हीची फायर स्टिक (सिनेमाची ॲप चालवणारी छोटी कांडी) काढून याला लावतो.

हे सगळं खऱ्या अर्थाने कामी आलं २ नोव्हेंबरच्या रात्री. महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्रीपर्यंत चालला. धानकापणीचे दिवस. माझी बायको आणि वहिनी दिवसभर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, वाकून आलेल्या, तरी दोघी शेवटपर्यंत जाग्या होत्या. त्यांची कर्णधार लॉरा वोल्वार्टने शतक ठोकल्यावर घरात कुणी बोलत नव्हतं. मग तिचा झेल उडाला. आपल्या अमनजोत कौरच्या हातून चेंडू निसटला, पुन्हा निसटला आणि अखेर तिने तो पकडलाच. सात फुटांच्या भिंतीवर तो चेंडू हवेत उडताना बघणं फार वेगळं होतं. वहिनी उठून उभीच राहिली. दीप्ती शर्माचे पाच बळी, आपल्या २९८ धावा, त्यांच्या २४६, आणि ५२ धावांनी विजय. पुतणी दहावीत आहे. दुसऱ्या दिवशी तिने बाबांकडे बॅट मागितली आणि बाबांनी ती आणून दिली.

त्याच रात्री दोन अडचणी कळल्या. आम्ही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सामना बघत होतो आणि शेजारी डिशवर. त्यांच्याकडे जल्लोष आधी व्हायचा, आमच्याकडे चेंडू नंतर पडायचा. आता क्रिकेट असलं की सेट टॉप बॉक्सची एचडीएमआय वायर सरळ प्रोजेक्टरला जोडतो. डेटाही वाचतो.

दुसरी अडचण तुडतुड्यांची, म्हणजे धानावरच्या बारीक किड्यांची. धान भरण्यात असताना उजेड दिसला की हिरवे, तपकिरी तुडतुडे थव्याने येतात हे आमच्या भागात कुणाला सांगायला नको. पांढऱ्या भिंतीवर तर ते येणारच. जवळ जाऊन बघितलं तर प्रत्येक तुडतुड्याची सावली फलंदाजाच्या तोंडावरून चालतेय. काही थेट लेन्सवर बसायचे. उपाय साधा आहे. खिडक्यांना बारीक जाळी आणि अंगणात दूरवर एक मोठा बल्ब, म्हणजे बरेचसे तिकडे जातात. डिसेंबरात बांध्या मोकळ्या झाल्या आणि हा त्रास आपोआप संपला.

धुळीचं मात्र तसं नाही. घरामागे मळणी यंत्र चाललं की कोंडा आणि बारीक कूस सगळीकडे उडतं. स्वस्त प्रोजेक्टरमध्ये पंखा हवा आत ओढतो, तिच्याबरोबर धूळ आतल्या पॅनेलवर बसते आणि मग चित्रात काळपट धूसर ठिपके दिसतात, ते बाहेरून पुसून जात नाहीत. खेड्यात राहत असाल तर 'सील्ड ऑप्टिकल इंजिन', म्हणजे चित्राचा आतला भाग धूळ शिरू नये असा बंद केलेला, असलेलाच घ्या, पाचशे-हजार जास्त गेले तरी चालतील. आमचा तसा आहे आणि अजून एकही ठिपका नाही. मळणीच्या दिवसांत त्याला सुती पिशवीत घालून कपाटात ठेवतो आणि हवेच्या जाळीवरून रंगाचा मऊ ब्रश फिरवतो.

आवाजाला मी कमी गुण देईन. आतला स्पीकर दोन माणसांपुरता आहे, आणि त्यात पंख्याची घरघर. ब्लूटूथ स्पीकर लावला तर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. बाबांकडे गणपतीत वापरायचा जुना स्पीकर होता, तो ऑक्स (आवाजाच्या साध्या) वायरने जोडला आणि प्रश्न मिटला. तुमच्या मशीनला ऑक्सचं भोक आहे का, ते घेण्याआधी बघा.

नाताळात बहिणीची पोरं नागपूरहून आली. त्यांच्या सीबीएसई शाळेला आठवडाभर सुट्टी आणि आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पोरांना २५ डिसेंबरची एकच. तरी रात्री सगळे एकत्र. भाच्याला जपानी ॲनिमेचं वेड. हिंदी डबिंगमध्ये सापडलं तर आजीसकट सगळे बघतात, नाहीतर खालची अक्षरं मोठी करून पोरं तोंडाने वाचत बसतात. यातूनच त्याने एक उद्योग काढला. मोबाइलमधलं आवडतं पात्र भिंतीवर थांबवायचं, तिथे ड्रॉइंग शीट चिकटवायची आणि पेन्सिलने रेषा गिरवायच्या. स्वतःची सावली रेषेवर पडू नये म्हणून तो एका कडेला उकिडवा बसून डाव्या बाजूपासून सुरुवात करायचा. मग खडूने रंग. गावातली चार पोरं रोज संध्याकाळी कागद घेऊन यायला लागली. रेषा वाकडी येऊ नये म्हणून प्रोजेक्टर भिंतीसमोर अगदी सरळ ठेवावा लागतो. तिरपा ठेवून कीस्टोनने चौकट सरळ करता येते, पण चित्राची धार जाते.

माझ्या लेखी सर्वांत मोलाचा उपयोग वेगळाच झाला. आत्याच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट पेटीत पडून होती. नागपुरातल्या एका स्टुडिओतून ती पेन ड्राइव्हवर उतरवून आणली. व्हीएचएसचं, म्हणजे त्या जुन्या कॅसेटचं, चित्र मुळातच कमी रेषांचं. १०० इंचावर नुसते डाग दिसत होते, म्हणून प्रोजेक्टर पुढे सरकवून ५० इंचाच्या आसपास आणलं. आस्पेक्ट रेशोही, म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण, ४:३ करावा लागतो, नाहीतर सगळे वऱ्हाडी रुंद दिसतात. आजोबा मांडवात पाहुण्यांना पानसुपारी देत फिरताना दिसले आणि आजी म्हणाली, "थांबव नं जरा." थांबवलं. ती बराच वेळ बघत राहिली, मग मांडवातल्या एकेकाला नावाने ओळखून कोण कुणाचा हे पोरांना सांगायला लागली. निम्मी माणसं आम्हालाही माहीत नव्हती. पुढच्या दोन्ही रात्री पोरांनी स्वतःहून तीच फिल्म मागितली, आणि मी शेजारी बसून आजी सांगते ती नावं वहीत उतरवली.

काही जणांनी विचारलं, आता नाटकाला जाणार का? जाणारच. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई, शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि रात्रभर चालणारी झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याची, नाटकं हा खरा हंगाम. वडसा, म्हणजे देसाईगंजहून निघालेल्या नाटक मंडळ्यांच्या गाड्या गावोगाव फिरत असतात. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या सगळ्या भागाला आनंद झाला होता. नाटकांचे तुकडे यूट्यूबवर सापडतात, एकदा भिंतीवर लावूनही बघितले. पण पुढे बसलेल्या लोकांचा ओरडा ऐकून नट वाक्य लांबवतो, ते रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. ज्या रात्री पंचक्रोशीत नाटक, त्या रात्री आमचा प्रोजेक्टर पिशवीत असतो.

विजेचं सांगायचं तर हा ८० वॅटच्या आसपास घेतो. लाईन गेली तरी घरच्या इन्व्हर्टरवर सिनेमा पूर्ण होतो. मोटारपंप सुरू झाले की दाब वर-खाली होतो, म्हणून छोटा स्टॅबिलायझर लावला आहे. थंडीत अंगणात लावला तर तासाभरात दवाने पडदा ओलसर होतो. मशीनवरही दव बसतं, म्हणून हिवाळ्यात छपरीच्या आतच.

तक्रार आहे ती सर्व्हिसची. रिमोटचं 'ओके' बटण महिन्याभरातच गेलं. कंपनीचा फोन लागला, त्यांनी मेल करायला सांगितलं, मेलचं उत्तर अजून नाही. जवळचं सर्व्हिस सेंटर नागपुरात, शंभरावर किलोमीटर. सध्या मोबाइलच्या ॲपने काम चालतं, पण बाबांना ते जमत नाही, त्यामुळे त्यांना कुणातरी पोराला हाक मारावी लागते. घेण्याआधी दुकानदाराला विचारा, रिमोट सुटा मिळतो का आणि केवढ्याला.

पडद्यासाठी वेगळा खर्च करायची गरज नाही. चादर लावू नका, उजेड आरपार जातो. आम्ही भिंतीचा तेवढाच भाग घासून सपाट केला आणि बिनचकाकीचा पांढरा डिस्टेंपर दोन हात दिला. चकाकीचा रंग दिला तर मधोमध दिव्यासारखा डाग दिसतो.