कॅम्पातला पितळी धूपपात्राचा संच: पैसे देण्याआधी झाकण लावून बघा

पुण्याच्या कॅम्पात चर्चचं सामान विकणाऱ्या एका दुकानात पितळी धूपपात्राचा संच ४,२०० रुपयांना मिळतो. चर्चमध्ये झुलवून धूर देतात ते साखळ्यांचं धूपपात्र, निखाऱ्यांसाठी आतली सुटी वाटी, धूप ठेवायची नौका आणि चमचा असा तो संच. पितळ जाड आहे, घडण नेटकी आहे, किंमत रास्त आहे. पण दुकानातून आणून थेट मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, वापरावा असा नाही. दोन ठिकाणी तांबटाचा हात लागतो.

पहिली गोष्ट झाकणाची. मध्ययुगीन युरोपातली धूपपात्रं पाहिली तर कित्येकांची झाकणं मनोरे, कमानी आणि खिडक्या असलेल्या छोट्या शहरासारखी दिसतात. ते शहर म्हणजे स्वर्गीय यरुशलेम. बायबलमधल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात त्याला बारा वेशी सांगितल्या आहेत, चारही दिशांना तीन-तीन. चर्चची वास्तूही याच शहराचं रूप मानली जाते, म्हणून नव्या चर्चच्या समर्पणविधीत भिंतींवर बारा किंवा चार ठिकाणी पवित्र तेल लावतात. म्हणजे हातातलं धूपपात्र हे ज्या वास्तूत ते फिरतं तिचंच लहान रूप. आणि त्या खिडक्या नुसत्या शोभेच्या नसतात. धूर तिथूनच बाहेर पडतो, निखाऱ्याला हवा तिथूनच खेळती राहते.

या संचाच्या झाकणावर कमानी आहेत, पण त्या नुसत्या ठशाने उठवलेल्या, आरपार नाहीत. आरपार अशा फक्त सहा बारीक फटी, जेमतेम २ मिलिमीटर रुंद, आणि त्यांतल्या एक-दोन लॅकरने, म्हणजे चकाकीसाठी दिलेल्या लेपाने, बुजलेल्या असतात. परिणाम असा की झाकण बंद केल्यावर चार-पाच मिनिटांत निखारा मंदावतो आणि शुभवर्तमान वाचण्याच्या वेळी धूप टाकला की तो नुसता वितळून काळा गोळा होतो. उपाय सोपा आहे. झाकणावरच्या कमानींतच ६ मिलिमीटरची आठ भोकं पाडून घ्यावीत. पात्राच्या तळाला मात्र भोक पाडू देऊ नका, ठिणगी थेट गालिच्यावर पडते. दुकानात निखारा पेटवून बघता येत नाही, पण झाकण लावून खालून मोबाइलचा दिवा धरला तर फटी किती मोकळ्या आहेत ते लगेच कळतं.

दुसरी गोष्ट कड्यांची. पात्राच्या काठावरच्या तीन कड्या, ज्यांत साखळ्या अडकतात, त्या साध्या कथलाच्या डाखाने बसवलेल्या आहेत. कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं मिसळलेला डाख त्याहूनही लवकर, १८३ अंशांच्या आसपास. फुललेला निखारा याच्या कितीतरी पुढे जातो. काठापर्यंत एवढी उष्णता रोज पोहोचत नाही, पण लांबलेल्या मिरवणुकीत कोळशाच्या दोन-तीन वड्या एकदम पेटवल्या की कडी सैल होते, आणि झोका देताना ती सुटली तर जळता निखारा माणसांत जातो. कसबा पेठेतल्या तांबट आळीत पितळी डाख मारून मिळतो. तोच मारून घ्यावा. तिथे कोणी आतून कल्हई करून देतो म्हणाला तर नको म्हणा. कल्हई म्हणजे कथीलच. स्वयंपाकाच्या भांड्याला ती योग्य, इथे पहिल्याच दिवशी तिचे थेंब होतील.

साखळ्यांची रचना मात्र उत्तम. तीन साखळ्या पात्र धरतात, चौथी वरच्या चकतीतून झाकणाला जाते. तिची कडी ओढली की झाकण सरळ वर येतं, वाकडं होऊन अडकत नाही. तीन साखळ्यांत पवित्र त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, पाहण्याची रीत आहे. लांबी १०५ सेंटिमीटर असल्याने मोठ्या माणसाला ठीक, पण वेदीवर धर्मगुरूला मदत करणाऱ्या बारा वर्षांच्या वेदीसेवकाच्या हातात पात्र पायरीला आपटतं. चारही साखळ्यांचे सारखेच दुवे काढून ८५ वर आणावी. एक जरी कमीजास्त झाली तर पात्र कलतं. नीट झोका जमणं महत्त्वाचं आहे, कारण त्याची गणती ठरलेली असते: पवित्र साक्रामेंत (अभिमंत्रित भाकर), वेदीवरचा क्रूस, शुभवर्तमानाचा ग्रंथ, पास्काची (ईस्टरची) मेणबत्ती, धर्मगुरू आणि लोक यांना तीन झोके, संतांच्या मूर्तींना दोन.

नौकेचा आकार उगीच नाही. लॅटिनमध्ये नाविस म्हणजे जहाज, त्यावरूनच चर्चमध्ये लोक बसतात त्या मधल्या भागाला नेव्ह म्हणतात. या संचातली नौका दिसायला सुबक, पण बूड हलकं आणि अरुंद. भरली की कलंडते. चमचाही आत मावत नाही, दांडा बाहेर राहतो आणि झाकण अर्धवट उघडं. पावसाळ्यात पुण्याच्या दमट हवेत त्यामुळे धूप चिकटून ढेप होते. धूप डब्यात ठेवावा आणि नौकेत त्या दिवसापुरताच काढावा.

आता वापर. पहिल्यांदा पात्र अंगणात धूप न टाकता पेटवावं, नाहीतर लॅकरचा जळका वास भर मिस्सात सुटतो. वाटीत बोटभर कोरडी वाळू घालावी, म्हणजे उष्णता तळाला कमी जाते. ३३ मिलिमीटरची वडी पुरते, ४० ची झाकणाला टेकते. या वड्यांत लवकर पेटण्यासाठी सोरा असतो. ठिणग्या तडतडणं थांबून वडी सगळीकडून राखाडी झाली की मगच धूप टाकावा. त्याला सहा-सात मिनिटं लागतात, म्हणून मिस्सा सुरू होण्याआधी दहा मिनिटं पेटवावी. धूप अर्धा चमचा पुरे. जास्त टाकला की निखारा गुदमरतो आणि धूर कडू होतो. धुपाच्या कांड्या चुरून टाकू नयेत, त्यांत लाकडाचा भुसा असतो. राळेचे खडेच घ्यावेत. सातपुड्यात होणाऱ्या सालईचा डिंक हा परदेशी फ्रँकिन्सेन्सच्याच कुळातला, स्वस्त आणि सुवासिक. धूर हलका आणि पांढरा वर चढला पाहिजे. बायबलच्या १४१व्या स्तोत्रात प्रार्थना धुपासारखी वर जावी अशी विनवणी आहे, आणि छताचे पंखे पूर्ण वेगात असले तर ते दिसतच नाही. वेदीवरचे दोन पंखे तेवढ्यापुरते बंद ठेवावेत.

साफ करताना पात्र पूर्ण गार होऊ द्यावं. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून वाटी अर्धा तास भिजवली की डिंक सुटतो, उरलेली राळ स्पिरिटने निघते. बाहेरून चिंच-मीठ लावलं तर लॅकर निघून पितळ डागाळतं. बाहेरून कोरडं फडकं पुरे.

पास्काच्या जागरणविधीसाठी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेसाठी, हा संच घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या रात्री निखारे वडीचे नसतात, विधीसाठी पेटवलेल्या नव्या अग्नीतून उचललेले लाकडाचे असतात. या वाटीचं तोंड ९ सेंटिमीटरच आहे. सुपारीएवढे चार-पाच निखारे मावतात, आणि ते लवकर राख होतात. लांब चिमटा आणि एक जादा वाटी आधीच आणून ठेवावी. दुकानात सुटी वाटी ३५० रुपयांना मिळते.