इमारतीचा कृत्रिम डेटा: साधी स्क्रिप्ट की एनर्जीप्लस?

इमारतीचा वीजवापर आणि तापमान दाखवणारा डॅशबोर्ड तपासायचा आहे, पण मीटर अजून बसलेले नाहीत. अशा वेळी कृत्रिम डेटा बनवायला मी आधी पायथनची छोटी स्क्रिप्टच लिहीन. दर 15 मिनिटांनी एक नोंद, म्हणजे दिवसाला 96, वर्षाला 35,040. तापमानाला 24 तासांची साइन लहर (ठरावीक लयीत वर-खाली जाणारी) आणि त्यावर थोडा चढउतार. वीजवापर ऑफिसच्या वेळेत चढता, रविवारी उतरलेला. मीटरचं रीडिंग मात्र साठत जाणारं ठेवा, ते मागे येत नाही. शिवाय काही नोंदी मुद्दाम गाळा, एखादा सेन्सर एकाच आकड्यावर अडकवा. खरे सेन्सरही असेच वागतात.

एनर्जीप्लस हे इमारतीच्या ऊर्जावापराचं गणित मांडणारं सॉफ्टवेअर. ते मोफत आहे, पण भिंती, काचा, एसी, हवामानाची फाइल असं सगळं भरावं लागतं. काच बदलली तर वीज किती वाचेल, हा प्रश्न असेल तर तेच वापरा. स्क्रिप्टला उष्णतेचं गणित येत नाही.