भारतीय मानकं फुकटात : आठ महिने वापरून

इंदूरला सुदामानगरात घरावर मजला चढवायला घेतला, तेव्हा ठेकेदाराचं एकच ब्रह्मवाक्य होतं : "काका, सगळीकडे असंच करतात." शेवटी भाच्याने भारतीय मानक ब्यूरोच्या पोर्टलवर माझं खातं उघडलं आणि काँक्रीटची संहिता, आयएस ४५६ : २०००, उतरवून दिली. पैसा लागला नाही. प्रतीवर आपलं नाव छापून येतं, एवढंच.

पहिली चकमक सळयांवरून. त्यांच्याखाली ठेकेदार गिट्टीचे तुकडे सरकवत होता. तक्ता १६ प्रमाणे सौम्य परिस्थितीत कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, २० मिमी हवं; १२ मिमीपर्यंतच्या मुख्य सळयांना फार तर ५ मिमी कमी चालतं. पट्टी लावली, तर कुठे बारा, कुठे सळई थेट फळीवर टेकलेली. दुसऱ्या दिवशी सिमेंटचे कव्हर ब्लॉक आले.

मग सेंटरिंग, म्हणजे ओल्या काँक्रीटखालच्या फळ्या आणि टेकू. सातव्या दिवशी माणसं बल्ल्या काढायला हजर; मी प्रिंटाउट घेऊन जिन्यात उभा. कलम ११.३.१ : साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवसांनी निघतात, सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे १४ दिवसांनी. आमची खोली पावणेचार मीटर. म्हणजे स्लॅबपुरता तोच बरोबर निघाला! पण खाली बारीक अक्षरात आहे की हे आकडे साध्या पोर्टलंड सिमेंटचे. आमच्या गोण्यांवर आयएस १४८९, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, पीपीसी. इंजिनिअरना फोन केला. त्यांनी स्लॅबलाही थांबायला सांगितलं. तराई, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, तीसुद्धा पीपीसीला किमान १० दिवस, आणि हा सातव्या दिवशीच पाइप गुंडाळत होता.

सगळं इंग्रजीत, त्यामुळे डिक्शनरी जवळ ठेवावी लागते. एक मानक उघडलं की ते दुसऱ्याकडे बोट दाखवतं : सळयांना १७८६, भारांना ८७५, भूकंपाला १८९३. प्रत्येकाचे पैसे पडले असते तर माझ्यासारख्याने पहिल्यावरच हात टेकले असते. दुरुस्त्याही तपासाव्या लागतात, नाहीतर जुन्या आकड्यावर भांडाल. आणि आयएसओ-आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थांकडून जशीच्या तशी घेतलेली मानकं फुकट नाहीत.

पूर्वी भारतीय मानकं सगळीच विकत घ्यावी लागत. सरकारी माहिती सगळ्यांना खुली असावी म्हणून झटणाऱ्या, अमेरिकेतल्या कार्ल मालामूद यांनी ती इंटरनेटवर खुली ठेवली. २०१५ मध्ये प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. घराची संहिता घर बांधणाऱ्यालाच विकत, हे मला कधी पटलं नव्हतं.

आता वायरिंग. आयएस ७३२ उतरवून ठेवलंय. इलेक्ट्रिशियनला अजून सांगितलेलं नाही.