न्यू जर्सी की टेक्सस: शाळेला मुलामागे मिळणारा पैसा बघून ठरवताय तर

न्यू जर्सीत एडिसनला घर घ्यायचं की टेक्ससमधल्या डॅलसची नोकरीची ऑफर घेऊन त्याच्या उपनगरांत, प्लेनो-फ्रिस्कोकडे जायचं, अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत हा प्रश्न चालू असतो. त्यात कोणीतरी हमखास म्हणतं की जर्सीत एका मुलामागे वर्षाला 20 हजार डॉलरच्या वर खर्च होतात, टेक्ससमध्ये 12 हजारांच्या आसपास, मग विचार कसला करायचा! पण तो आकडा एकूण खर्चाचा आहे, त्यात शिक्षकांचे पगार, पेन्शन, हेल्थ इन्शुरन्स सगळं आलं आणि जर्सीत सगळंच महाग. बघायचं ते हे की राज्य कुठल्या हिशोबाने पैसे देतं आणि तुमचं मूल त्या हिशोबात कुठे बसतं.

जर्सीत 2008 चा कायदा चालतो. मुलामागे एक बेस रक्कम, मूल गरीब घरातलं असेल किंवा इंग्लिश शिकत असेल (म्हणजे इंग्लिश अजून पक्कं नसेल) तर त्यावर चांगलीच वाढ, इंग्लिश शिकणाऱ्या मुलाची रक्कम साधारण दीडपट धरतात. मग गावातल्या घरांच्या किमती आणि लोकांचं उत्पन्न बघून गावाने किती उचलायचं ते काढतात आणि उरलेलं राज्य देतं. हे सरकारला सुचलं म्हणून झालं नाही, गरीब शहरांतल्या मुलांनी 1980 च्या दशकापासून 'अ‍ॅबट विरुद्ध बर्क' ही केस लढवली त्याचं हे फळ आहे, आणि मला त्याचं फार मोल वाटतं. मात्र राज्याची मदत कायम तेवढीच राहील असं धरू नका. 2018 च्या कायद्याने काही गावांना हिशोबापेक्षा जास्त मिळणारी जुनी मदत टप्प्याटप्प्याने काढली, त्यात जर्सी सिटीला मोठा फटका बसला आणि शहराला शाळांसाठी पगारावर वेगळा टॅक्स लावावा लागला. वर गावाला शाळेचा टॅक्स वर्षाला साधारण 2 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, म्हणजे मदत घटली की कात्री लागते ती शाळेलाच. आणि तुमच्या खिशाचं बोलायचं तर 2024 मध्ये राज्यातलं सरासरी प्रॉपर्टी टॅक्सचं बिल 10 हजार डॉलरच्या वर गेलं, त्यातला निम्म्याच्या आसपास पैसा शाळांना जातो.

टेक्ससमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, आणि स्वतः राहता त्या घराच्या किमतीतले पहिले 1 लाख 40 हजार डॉलर शाळेच्या टॅक्समधून वगळतात, तेव्हा घरखर्चाच्या बाजूने टेक्सस नक्कीच हलकं पडतं. शाळेची बाजू वेगळी आहे. तिथली बेस रक्कम 2019 पासून 6,160 डॉलरवर अडकली होती, 2025 मध्ये वाढली ती फक्त 55 डॉलरने (बाकी पैसा आला तो बराचसा शिक्षकांच्या पगारासाठी). इंग्लिश शिकणाऱ्या मुलासाठी वाढ साधारण 10 टक्के, जर्सीच्या मानाने काहीच नाही. महागडा एरिया म्हणजे श्रीमंत शाळा हेही तिथे खरं नाही, कारण राज्याच्या हिशोबाने शाळांना जेवढं मिळायला हवं त्यापेक्षा जास्त टॅक्स गावात जमला तर तो राज्य काढून घेतं, लोक याला 'रॉबिन हूड' म्हणतात. प्लेनो वर्षानुवर्षं असे पैसे भरतंय, आणि मुलं कमी झाल्यावर 2024 मध्ये त्याच प्लेनोने चार शाळा बंद करायचं ठरवलं. फ्रिस्कोत नोव्हेंबर 2024 मध्ये शाळेसाठी टॅक्सचा रेट वाढवायला लोकांनी मतदानात नकार दिला. बिल्डिंगसाठीच्या बाँडचा (म्हणजे बांधकामासाठी काढलेल्या कर्जाचा) पैसा मात्र राज्य ओढून घेत नाही, म्हणून प्लेनोशेजारच्या अ‍ॅलनमध्ये 6 कोटी डॉलरचं फुटबॉल स्टेडियम उभं राहू शकतं. ते बघून भुलू नका, त्या पैशातून शिक्षकांचे पगार देता येत नाहीत.

अजून एक फरक आपल्या लोकांना थेट लागू होतो. जर्सीत ऑक्टोबरच्या मध्याला पटावर किती मुलं आहेत ते मोजतात, टेक्ससमध्ये रोज किती मुलं हजर त्याची सरासरी काढून पैसे मिळतात. म्हणजे डिसेंबरला सुट्टी लागायच्या आधीच पोरांना घेऊन महिनाभर पुण्याला आलात तर त्या गैरहजेरीचे पैसे शाळेचे जातात, शिवाय टेक्ससमध्ये क्रेडिटसाठी, म्हणजे विषय पूर्ण झाला असं धरायला, 90 टक्के हजेरीचा नियम आहे तो वेगळाच.

मुलाला स्पेशल एज्युकेशन (अपंगत्व किंवा शिकण्यात अडचण असलेल्या मुलांसाठीची खास मदत) लागत असेल तर माझं मत स्पष्ट आहे, जर्सी. टेक्ससने कित्येक वर्षं अशा मुलांचं प्रमाण 8.5 टक्क्यांच्या आत ठेवायचं धोरण चालवलं, मदत लागणारी मुलं बाहेर राहिली, आणि 2018 मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने हा कायदेभंग असल्याचं सांगितलं. आता मुलाला किती सेवा लागते त्यावर पैसे द्यायची पद्धत आणतायत, चांगलं आहे, पण ती मुरायला वेळ लागेल आणि तुमचं मूल तोवर थांबणार नाही. मूल अभ्यासात नीट चाललंय, इंग्लिश पक्कं आहे, अशा घराने टेक्सस खुशाल घ्यावं, फक्त घराचं अ‍ॅडव्हान्स देण्याआधी तिथल्या स्कूल डिस्ट्रिक्टचा (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा) पट वाढतोय की घटतोय आणि बजेट तुटीत आहे का हे बघा, दोन्ही गोष्टी डिस्ट्रिक्टच्या साइटवर मिळतात. भाड्याने राहणार असाल तरी हे लागूच आहे, टॅक्स घरमालक तुमच्या भाड्यातूनच भरतो आणि शाळा तुम्हाला तीच मिळते.