डोंगर तिथेच रंगवावा की स्टुडिओत?

जागेवर बसून रंगवण्याची वाट १८४१ साली सोपी झाली. अमेरिकी चित्रकार जॉन रँडने टिनच्या रंगनळीचं पेटंट घेतलं आणि तैलरंग पाठीवर टाकून कुठेही नेता येऊ लागले. जागेवर डोळ्याला जे दिसतं ते, स्टुडिओत ज्यावरून रंगवतात त्या फोटोत येत नाही. वाइड अँगल लेन्स दूरची रांग चेपून बुटकी करते. सावलीतल्या जांभळ्या छटा तर काळ्या होऊन बसतात. हवेत निळा प्रकाश जास्त विखुरतो, म्हणून एकामागे एक रांगा निळ्या आणि फिक्या होत जातात. ही उतरण पॅलेटवर जुळवावी ती समोर बघूनच. पण वेळ फार थोडा मिळतो. दोन तासांत सावली दरी ओलांडते, ओल्या रंगात धूळ बसते आणि वारा कॅनव्हासचं शीड करतो.

स्टुडिओत घाई नाही. आठ फुटी कॅनव्हास लावता येतो, मागे सरून बघता येतं, थर वाळू देता येतो. विस्तार अंगावर यायला एवढा आकार लागतोच.

तरी मी कौल जागेला देईन. तळहाताएवढा का होईना, रंगाचा अभ्यास तिथेच करावा. नुसत्या फोटोवरून केलेल्या डोंगरात मला हवा दिसत नाही.