हिरडीचं लेझर: आठ महिन्यांनंतर

गेल्या डिसेंबरात जळगावात वरच्या हिरडीवर लेझर करून घेतलं. पुढच्या दातांवर हिरडी इतकी चढली होती की ब्रश लागला की रक्त.

'इंजेक्शन नाही, टाके नाही, रक्त नाही' अशी पाटी होती दवाखान्यात. टाके आणि रक्ताचं खरं निघालं. डायोड लेझर म्हणजे पेनसारखी दांडी, टोकाला बारीक तार. ती कापता कापताच रक्तवाहिन्या भाजून बंद करते, त्यामुळे कापूस जेमतेम गुलाबी झाला. इंजेक्शनं मात्र दोन टोचली. डॉक्टर, नर्स आणि मी, तिघांनी रंगीत चष्मे घातले. नकोसा झाला तो वास. केस जळावेत तसा, आणि जळतंय ते आपलंच!

रात्री सूज नाही, दुखण्याची एकच गोळी लागली. चौथ्या दिवशी जखमेवर पिवळट थर आला. पू झाला म्हणून घाबरून फोन केला, तर तो भरत्या जखमेचाच थर. पण लेझरची जखम लवकर भरते म्हणतात, ते मला काही पटलं नाही. बायकोची अक्कलदाढेवरची हिरडी ब्लेडने कापली होती, ती आठवड्यात शेवभाजी खात होती. मी पंधरा दिवस केळी आणि गार वरणभातावर. तेही ऐन भरताच्या दिवसांत, मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात असताना. पैसे ब्लेडच्या दुप्पट.

मे महिन्यात हिरडी पुन्हा चढायला लागली. मग कुठे दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, बीपीची गोळी कोणती? ॲम्लोडिपिन, सहा वर्षं. काहींची हिरडी या गोळीनेच वाढते म्हणे. कापण्याआधी हे कुणी विचारलं नव्हतं, मीही बोललो नव्हतो. फिजिशियनने गोळी बदलून दिली (परस्पर बंद करू नका), दात साफ करून घेतले, तेव्हा वाढ थांबली.

आमच्या एका मित्राच्या गालात तंबाखूचा पांढरा चट्टा आहे. माझं ऐकून तो 'लेझरने जाळून टाका' म्हणत गेला. डॉक्टरांनी आधी तुकडा काढून तपासायला पाठवला. जाळल्यावर तपासायला उरणार काय?

माझी खालची हिरडी बाकी आहे. नव्या गोळीवर किती उतरते ते बघतोय. नाहीच उतरली तर लेझरच, पण मार्चमध्ये, भरताचे दिवस सरल्यावर.