तांब्याचा ठोकळा, म्हणे

शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून तीस वर्षं काढली. चंचुपात्रं धुतली, काटे शून्यावर आणले, फुटलेल्या परीक्षानळ्यांचा हिशोब ठेवला. त्यामुळे सातवीतल्या नातीला वाढदिवसाला कुणीतरी ‘द्रव्य आणि मापन’ नावाचा प्रयोगसंच दिला, तेव्हा तो तिच्याआधी मीच उघडला. दोन आठवडे वापरून मग हे लिहितोय.

डब्यात काय आहे ते आधी सांगतो. 500 ग्रॅमपर्यंत तोलणारा आणि 0.1 ग्रॅम दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा, 100 मिलिलिटरचं प्लास्टिकचं मोजपात्र, एक चंचुपात्र, लाल द्रवाचा तापमापी, दोरा, आणि दोन सेंटिमीटर बाजूचे पाच ठोकळे: लाकूड, ॲल्युमिनियम, लोखंड, पितळ, तांबं. शिवाय माहितीपुस्तिका. तिच्याबद्दल नंतर बोलतो, कारण तिथे माझा पारा चढतो.

काटा मात्र झकास. एकच ठोकळा दहा वेळा उचलून ठेवला, तर आकडा फार तर 0.1 ने हलला. पंखा बंद करायला विसरू नका, आणि काटा सपाट जागी ठेवा. ठोकळ्यांच्या कडाही नीट कापलेल्या आहेत. पट्टीने तिन्ही बाजू मोजल्या, दोन म्हणजे दोनच.

मोजपात्राची गंमत वेगळीच. पुस्तिका सांगते, ‘ठोकळा मोजपात्रात सोडा आणि पाणी किती चढलं ते पाहा.’ ठोकळा आत जातच नाही! बाजू दोन सेंटिमीटर असली तरी कर्ण 2.8 च्या पुढे जातो, आणि पात्राचं तोंड त्याहून अरुंद. म्हणजे हा प्रयोग छापण्याआधी कुणी एकदाही करून पाहिलेला नाही. दुसरं म्हणजे चित्रात पाण्याची कड काचेला धरून वर चढलेली, मधे खोलगट. हे पात्र प्लास्टिकचं, त्यात पाणी जवळजवळ सपाटच दिसतं. पोर बिचारी पाच मिनिटं डोळा खाली-वर करून तो खोलगट भाग शोधत होती.

मग मी जुनी युक्ती काढली. चंचुपात्रात पाणी घेऊन ते काट्यावर ठेवलं आणि बटण दाबून आकडा शून्य केला. ठोकळा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवला, पण तळाला टेकू दिला नाही. काटा 8.0 वर स्थिरावला.

“आजोबा, दोरा तर मी धरलाय. मग काट्यावर आठ ग्रॅम कुणाचे?”

पाणी ठोकळ्याला वर ढकलतं, तेवढ्याच जोराने ठोकळा पाण्याला खाली दाबतो. तो दाब बाजूला सरलेल्या पाण्याच्या वजनाइतका, आणि खोलीतल्या तापमानाला एक घनसेंटिमीटर पाणी जवळपास एक ग्रॅमच भरतं. म्हणून आठ. तिला पटलं नाही. तिने ॲल्युमिनियम बुडवलं, आठ. लोखंड बुडवलं, आठ. पितळ, पुन्हा आठ. तेव्हा कुठे बाईसाहेब गप्प बसल्या. लाकूड सुईने दाबून बुडवलं, तरी तेच. एवढ्या एका प्रयोगासाठी संच घ्यावा असं मी म्हणेन, आणि तो पुस्तिकेत नाही.

पुढे वस्तुमान भागिले आकारमान. ॲल्युमिनियम 21.5 ग्रॅम, घनता 2.7. लोखंड 62.8, म्हणजे 7.9 च्या आसपास. दोन्ही पुस्तिकेतल्या तक्त्याशी जुळले. तांबं तोललं: 62.9.

तक्त्यात तांब्याची घनता 8.96. पोरीने वहीत 8.96 लिहायला घेतलं, मी हात धरला. म्हटलं, तुला आलंय ते लिही. “पण पुस्तकात तर...” पुस्तकाला काटा नाही बाळा, तुझ्याकडे आहे. आठ घनसेंटिमीटर खरं तांबं असतं, तर काट्यावर 71 ग्रॅमच्या वर दिसायला हवं होतं. काटा चुकला तर 0.1 ने चुकेल, पट्टीची चूक धरली तरी जवळपास नऊ ग्रॅमचा फरक कुठून आणणार? शिवाय शेजारचं लोखंड 62.8. फ्रिजच्या दारावरचं चुंबक आणलं, ते ‘तांब्या’ला टक्कन चिकटलं. तांब्याला चुंबक चिकटत नाही. लोखंडावर तांब्याचा मुलामा आहे, बस्स.

आणि कहर म्हणजे याच पुस्तिकेत आर्किमिडीज आणि भेसळीच्या मुकुटाची गोष्ट सचित्र छापली आहे!

बाकी पुस्तिकेबद्दल थोडक्यात. वस्तुमान न्यूटनमध्ये दिलंय, ते वजनाचं एकक. किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल, असं लिहिलंय. ती व्याख्या 1889 पासून चालली खरी, पण 20 मे 2019 रोजी ती गेली. आता किलोग्रॅम प्लँकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका कधीच न बदलणाऱ्या आकड्यावरून ठरतो. पाणी ‘नेमकं 100 अंशांना’ उकळतं हेही अर्धवट. हवेचा दाब उतरला की उत्कलनबिंदू उतरतो, दर 300 मीटर उंचीला साधारण एक अंश. तापमापी बर्फाच्या चुऱ्यात शून्याऐवजी दीड अंश दाखवतो. तो दोष मला चालतो. दीड वजा करायचं, आणि वहीत तसं लिहायचं.

कंपनीला सगळे आकडे लिहून ईमेल पाठवला. उत्तर आलं की ठोकळा ‘तांब्याच्या रंगाचा’ आहे आणि हवा असल्यास बदलून मिळेल. नातीने बदलायला साफ नकार दिला.

पाचपैकी साडेतीन तारे. साडेतीन काट्याचे आणि ठोकळ्यांचे, पुस्तिकेला शून्य. तो ठोकळा सध्या तिच्या टेबलावर आहे, वर कागदाची चिठ्ठी चिकटवून: ‘तांबं (म्हणे), 7.9’.